खेळाडू तोच, मग आकडे का बदलतात? बास्केटबॉल संघाची पद्धत आणि खेळाडूची कामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीएचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडे पहाटेपासून सुरू होतात. चहा होईपर्यंत पहिला क्वार्टर संपलेला असतो आणि बहुतेकांच्या हाती लागतो तो फक्त बॉक्स स्कोअर: अमक्याचे २४ गुण, तमक्याचे ९ असिस्ट (ज्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली, असे पास). त्या तक्त्यावरून रंगणाऱ्या वादांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत फिनिक्स सन्स हा संघ सारखा डोकावेल. २००४ ते २०१० या काळात त्या एका शहरात खेळायची एक पद्धत आली, गेली आणि परत आली. बॉल हातात असलेला माणूस मात्र तोच राहिला. असा योग क्वचितच जुळून येतो.

संघाची ‘सिस्टीम’ म्हणजे नेमकं काय?

फळ्यावर काढलेले बाण म्हणजे सिस्टीम, असं बऱ्याच जणांना वाटतं. बाण हा तिचा लहानसा भाग. बॉल किती घाईने पुढे न्यायचा, तो जास्त वेळ कोणाच्या हातात राहणार, बाकीचे चौघे कुठे उभे राहणार, कोणता शॉट ‘चांगला’ मानायचा आणि तो चुकला तर रिबाउंडला (उसळलेला बॉल पकडायला) धावायचं की बचावासाठी मागे पळायचं, या सगळ्यांची ठरलेली उत्तरं म्हणजे सिस्टीम. ती लिहिलेली नसेल, तरी प्रत्येक संघाची असतेच. ‘आमची काही सिस्टीम नाही, आम्ही मोकळे खेळतो’ म्हणणाऱ्या संघात बहुधा सगळ्यात दांडग्या खेळाडूची मर्जी हीच सिस्टीम असते.

खरंच एवढा फरक पडतो, की ही आवडत्या खेळाडूसाठी काढलेली पळवाट आहे?

पळवाट म्हणूनही ती वापरली जाते, नाकारत नाही. पण फरक पडतो.

फिनिक्सचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून डाव रचणारा, स्टीव्ह नॅश घ्या. २००७-०८ हा कोच माईक डिअँटोनी यांचा फिनिक्समधला शेवटचा हंगाम. त्यात नॅशने सामन्यामागे ११.१ असिस्ट दिले. मग डिअँटोनी न्यूयॉर्कला गेले आणि टेरी पोर्टर आले. संघात तोवर धिप्पाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) शकील ओ'नील दाखल झाला होता. पोर्टर यांनी वेग कमी केला, बॉल बास्केटजवळ शकीलकडे जाऊ लागला. नॅशचे असिस्ट ९.७ वर आले. फेब्रुवारी २००९ मध्ये पोर्टर यांना काढून अ‍ॅल्विन जेंट्री यांना नेमलं. त्यांनी जुना धावता खेळ परत आणला आणि त्यांच्या पहिल्या तीनही सामन्यांत संघाने किमान १४० गुण केले. म्हणजे त्या ९.७ मध्येही शेवटचे तीसेक सामने जेंट्री यांच्या हाताखालचे आहेत. पुढच्या हंगामात, वयाची छत्तिशी गाठताना, नॅश पुन्हा ११.० वर.

वयामुळे असिस्ट घटले म्हणावं, तर एका वर्षाने ते वाढले कसे? शहर तेच, माणूस तोच, गुडघे एका वर्षाने जुने. बदलला होता तो संघाचा खेळ.

डिअँटोनी यांच्या पद्धतीत असं काय होतं?

शॉट घेण्यासाठी मिळणारा वेळ मोजणाऱ्या शॉट क्लॉकवर २४ सेकंद असतात. त्यांतल्या पहिल्या सातच्या आत शॉट घ्यायचा प्रयत्न करायचा, ही त्या संघाची ओळख सांगितली जाते. कारण साधं आहे. समोरचे पाच जण आपापल्या जागी पोहोचून वळेपर्यंत बचाव विस्कळीत असतो. त्या क्षणी मिळणारा बरा शॉट हा वीस सेकंद घासाघीस करून मिळणाऱ्या शॉटपेक्षा बहुधा चांगलाच असतो.

पण नुसतं पळणं म्हणजे ही पद्धत नव्हे. तिचं खरं इंजिन होतं पिक-अँड-रोल. नॅश बॉल घेऊन यायचा, अमारे स्टाउडमायर त्याच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा आणि मग स्वतः बास्केटकडे सुटायचा. आता दोन बचावपटूंना दोन माणसं सांभाळायची असतात आणि दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. नॅशला मोकळं सोडलं तर तो स्वतः शॉट मारणार. त्याच्यावर दोघं धावले तर अमारे हवेत. मदतीला तिसरा यावा, तर तो ज्याला सोडून येणार तो कोपऱ्यात थ्री-पॉइंटरसाठी (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटसाठी) हात तयार ठेवून उभा. एनबीएत थ्री-पॉइंटची रेषा समोरून २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यात फक्त २२ फूट. शॉट जवळचा, गुण तेवढेच. कोपरा सोडणं म्हणजे सोन्याचं दुकान उघडं टाकून जेवायला जाणं.

या मांडणीसाठी डिअँटोनी यांनी उंचीचा बळी दिला. एरवी सर्वांत उंच खेळाडूंच्या असणाऱ्या दोन जागांवर ६ फूट ७ इंचांचा शॉन मॅरियन पॉवर फॉरवर्ड आणि ६ फूट १० इंचांचा अमारे सेंटर. त्या काळात हे धाडस होतं. २००३-०४ मध्ये २९ सामने जिंकलेल्या संघाने २००४-०५ मध्ये ६२ जिंकले. संघाची सरासरी ११०.४ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. नॅश एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू), आणि पुढच्या वर्षीही तोच.

आता आजूबाजूच्यांचे आकडे पाहा. जो जॉन्सनने त्या वर्षी थ्री-पॉइंटर १०० पैकी जवळजवळ ४८ च्या प्रमाणात टाकले. क्वेंटिन रिचर्डसनने २२६ थ्री टाकून लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक मिळवला. पुढच्याच हंगामात रिचर्डसन न्यूयॉर्कला गेला आणि १४.९ गुणांची सरासरी ८.२ वर घसरली. पाठीच्या दुखण्याचाही त्यात वाटा होता, पण तिथे बॉल वेळेवर छातीशी आणून देणारा नॅशही नव्हता.

म्हणजे नॅश हा ‘सिस्टीम प्लेयर’ होता?

हा शब्द मला खटकतो. सिस्टीमबाहेर कोणी खेळतं का? तरी प्रश्नाचा रोख कळतो: दुसऱ्या कोणालाही तिथे उभं केलं असतं तर जमलं असतं का?

याची थोडीफार चाचणी न्यूयॉर्कमध्ये झाली. डिअँटोनी तिथे गेले तेव्हा त्यांचा पॉइंट गार्ड होता क्रिस डुहॉन, शिकागोत आदल्या वर्षी ५.८ गुण आणि ४.० असिस्टवर असलेला साधा, कष्टाळू खेळाडू. २००८-०९ मध्ये त्याची सरासरी झाली ११.१ गुण आणि ७.२ असिस्ट. नोव्हेंबर २००८ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध त्याने एका सामन्यात २२ असिस्ट दिले. न्यूयॉर्क निक्सच्या इतिहासात हा विक्रम ठरला. याच कोचच्या हाताखाली फेब्रुवारी २०१२ मध्ये जेरेमी लिन या दोन संघांनी सोडून दिलेल्या खेळाडूने सुरुवातीच्या पाचात स्थान मिळाल्यावर पहिल्या पाच सामन्यांत १३६ गुण केले आणि न्यूयॉर्क डोक्यावर घेतलं.

म्हणजे ही पद्धत पॉइंट गार्डचे आकडे वाढवते, यात शंका नाही. पण डुहॉन वाढून ७.२ वर पोहोचला आणि नॅश २००४-०५ मध्ये ११.५ वर. पद्धत दोघांनाही एकच शिडी देते. कितव्या पायरीपर्यंत चढायचं, हे ज्याच्या त्याच्या पायांवर. बास्केटखाली घुसून, शॉट न मारता ड्रिबल चालू ठेवत पलीकडून बाहेर यायचं आणि तेवढ्या वेळात कोण मोकळं झालं ते पाहायचं, ही नॅशची सवय कुठल्या फळ्यावर शिकवता येत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. २००४ मध्येच एनबीएने बाहेरच्या बाजूला बॉल घेऊन खेळणाऱ्याला हाताने अडवण्याविरुद्धचा नियम कडक केला. नॅशसारख्या लहान चणीच्या गार्डला त्याचा फायदा झालाच.

त्या संघातले सगळेच नॅशमुळे मोठे झाले का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त शॉन मॅरियनला भोवला. नॅश येण्याआधी, २००२-०३ मध्ये मॅरियनची सरासरी २१.२ गुण होती. त्याला नॅशने घडवलेलं नव्हतं. त्याच्यासाठी मुद्दाम चाली रचल्या जात नव्हत्या. तो धावून, रिबाउंड घेऊन, कट मारून गुण काढायचा. श्रेय दुसऱ्यांना जातं याची खंतही त्याने लपवली नाही. २००८ मध्ये शकीलच्या बदल्यात तो मायामीला गेला आणि त्यानंतर पुन्हा कधी ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक ताऱ्यांपैकी एक, झाला नाही. वय तिशीकडे झुकलेलं होतं, पद्धतही बदलली होती. यांतलं काय किती, हे वेगळं काढता येत नाही.

अमारेचं उदाहरण याहून स्वच्छ आहे. २०१०-११ मध्ये तो न्यूयॉर्कला डिअँटोनी यांच्याकडेच गेला. पद्धत ओळखीची, नॅश मात्र नाही. गुण २५.३, म्हणजे फिनिक्सइतकेच झकास. पण नॅशबरोबरच्या पहिल्या वर्षी त्याचे ५५.९ टक्के शॉट पडत होते, न्यूयॉर्कमध्ये ५०.२ टक्के. गुण टिकले. ते मिळवायला मेहनत जास्त लागली.

बोरिस दियावचं नाव नेहमी का निघतं?

कारण त्याची झेप सगळ्यांत डोळ्यांत भरते. २००४-०५ मध्ये अटलांटाकडून ४.८ गुण. २००५-०६ मध्ये फिनिक्सकडून १३.३ गुण, ६.९ रिबाउंड, ६.२ असिस्ट आणि ‘सर्वाधिक सुधारणा’ केलेल्या खेळाडूचा पुरस्कार.

पण आधी मिनिटं बघा. अटलांटात त्याला साधारण १८ मिनिटं मिळत, फिनिक्समध्ये ३५. दोन्ही आकडे ३६ मिनिटांच्या मापाने मोजले, तर अटलांटात साडेनऊच्या आसपास गुण पडतात आणि फिनिक्समध्ये साडेतेराच्या. झेप आहेच, पण तिप्पट नाही. बॉक्स स्कोअरमधल्या बऱ्याच चमत्कारांत निम्मा वाटा कोचने बेंचवरून उठवण्याचा असतो.

उरलेला भाग मात्र खरोखर पद्धतीचा. अटलांटात या ६ फूट ८ इंचांच्या, किंचित गुबगुबीत फ्रेंच तरुणाला गार्ड म्हणून वापरत होते. फिनिक्समध्ये २००५ च्या ऑक्टोबरात अमारेच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, जागा रिकामी पडली आणि दियाव चक्क सेंटर खेळू लागला. गार्डसारखा पास देणारा सेंटर. समोरच्या संघाचे धिप्पाड सेंटर त्याच्यामागे बास्केटपासून वीस फूट बाहेर यायला कुरकुरायचे. जो गार्ड म्हणून मंद होता, तो सेंटर म्हणून चपळ ठरला. पाय तेच होते, समोरचा माणूस बदलला.

२००६ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात डॅलसविरुद्ध त्याने ३४ गुण केले, आणि अर्धा सेकंद शिल्लक असताना विजयी शॉटही त्याचाच.

वेगवान संघात आकडे फुगतात म्हणतात. किती फुगतात?

यासाठी ‘पझेशन’ समजून घ्यावं लागतं. बॉल ताब्यात आल्यापासून तो समोरच्या संघाकडे जाईपर्यंतचा डाव म्हणजे एक पझेशन. बॉक्स स्कोअरमधून त्याचा अंदाज असा काढतात: घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोंची (फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या शॉटची) ०.४४ पट, अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले बॉल), वजा आपल्याच चुकलेल्या शॉटवर आपण मिळवलेले रिबाउंड. ०.४४ अशासाठी, की फ्री थ्रो बहुधा दोनाच्या जोडीने येतात, पण बास्केट झाल्यावरचा जादा एक किंवा टेक्निकल फाउलचा एक असेही असतात, म्हणून नेमके अर्धे धरत नाहीत.

आता ९० पझेशन खेळणाऱ्या संघात एकाने २० गुण केले आणि १०० पझेशन खेळणाऱ्या संघात दुसऱ्याने २२. दोघांची मिनिटं सारखी असतील, तर शंभर पझेशनमागे पहिला किंचित पुढेच आहे. तक्त्यात मात्र दुसरा मोठा दिसतो.

टोकाचं उदाहरण हवं तर १९९०-९१ चा डेन्व्हर नगेट्स. कोच पॉल वेस्टहेड. कॉलेजच्या पातळीवर लोयोला मेरीमाउंटला त्यांनी १९८९-९० मध्ये सामन्यामागे १२२ च्या वर गुण करून दाखवले होते. तोच पळापळीचा खेळ त्यांनी एनबीएत आणला. डेन्व्हरने सरासरी ११९.९ गुण केले आणि १३०.८ दिले. हंगामाचा पहिला सामना १६२-१५८ असा हरले. काही दिवसांनी फिनिक्सने त्यांच्याविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच १०७ गुण ठोकले. हंगामअखेर २० विजय, ६२ पराभव.

या गोंधळात मायकल अ‍ॅडम्स नावाच्या बुटक्या गार्डने २६.५ गुण आणि १०.५ असिस्ट अशी राजेशाही सरासरी काढली. आदल्या वर्षी १५.५ गुण होते, पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये १८.१. त्या २६.५ च्या वर्षी त्याचे ४० टक्के शॉटही पडत नव्हते. गंमत म्हणजे, ऑल-स्टार म्हणून त्याची निवड झाली ती १८.१ वाल्या वर्षी. कोचमंडळींना डेन्व्हरचा हिशेब चांगला कळला होता, असं मला वाटतं.

वेस्टहेड यांच्यावर मात्र अन्याय नको. हीच धावती पद्धत घेऊन २००७ मध्ये त्यांनी फिनिक्स मर्क्युरीला महिलांच्या डब्ल्यूएनबीएचं विजेतेपद मिळवून दिलं. पद्धत चांगली की वाईट, हे ती खेळणाऱ्या पाच जणांना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

विल्ट चेंबरलेनची ५० गुणांची सरासरी हीसुद्धा पद्धतीचीच किमया का?

काही अंशी. १९६१-६२ मध्ये त्याची सरासरी ५०.४. सामन्यामागे तो सुमारे ३९ ते ४० शॉट घ्यायचा आणि जवळपास एक मिनिटही बाहेर बसायचा नाही. त्या काळचा खेळही आजच्यापेक्षा खूप वेगवान होता. संघाने ठरवलं होतं की बॉल विल्टला द्यायचा, आणि दिला.

मला त्याचं १९६६-६७ चं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. फिलाडेल्फियाचे कोच अ‍ॅलेक्स हॅनम यांनी त्याला सांगितलं की शॉट कमी घे, पास जास्त दे, बचाव सांभाळ. शॉट १९६१-६२ मधल्या ३९.५ च्या तुलनेत १४.२ वर. गुण २४.१. पण १०० पैकी ६८ शॉट पडू लागले आणि असिस्ट ७.८. संघ ६८-१३, आणि सलग आठ वर्षं जिंकणाऱ्या बोस्टनची मालिका तोडून विजेता. पुढच्या वर्षी तर एकूण असिस्टमध्ये हा सेंटर लीगमध्ये पहिला आला. ५० ची सरासरी असलेल्या वर्षी तो विजेता नव्हता.

मोठा खेळाडू चांगल्या संघात गेला की त्याचे गुण का घसरतात?

कारण बॉल एकच असतो. क्रिस बॉश टोरांटोत २००९-१० मध्ये २४.० गुण, १०.८ रिबाउंड. मायामीत लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड यांच्या शेजारी पहिल्याच वर्षी १८.७ आणि ८.३. केव्हिन लव्ह मिनेसोटात २६.१ आणि १२.५, वर्षभरात क्लीव्हलंडमध्ये १६.४ आणि ९.७. दोघांनाही ‘संपला’ म्हणून हिणवलं गेलं.

संपले नव्हते. मायामीने बॉशला बास्केटपासून दूर उभं केलं, म्हणजे त्याच्या मागे विरोधी सेंटर बाहेर येईल आणि लेब्रॉन-वेडसाठी आतली वाट मोकळी होईल. त्याच्या उभं राहण्याने झालेली बास्केट लेब्रॉनच्या खात्यात. २०१३ च्या फायनलचा सहावा सामना आठवा: लेब्रॉनचा शॉट चुकला, रिबाउंड बॉशने घेतला, कोपऱ्यात मागे सरकणाऱ्या रे अ‍ॅलनला पास दिला, अ‍ॅलनने बरोबरीचा थ्री टाकला. तक्त्यात बॉशच्या नावावर एक रिबाउंड आणि एक असिस्ट. मायामीने ते विजेतेपद जिंकलं.

याउलट, संघ सुधारला पण स्टारचे आकडे जागेवरच, असं होतं का?

होतं. स्टीफन करी २०१३-१४ मध्ये २४.० गुण, ८.५ असिस्ट. स्टीव्ह कर कोच म्हणून आल्यावर २०१४-१५ मध्ये २३.८ आणि ७.७. दोन्ही थोडे कमीच. संघाचे विजय मात्र ५१ वरून ६७, वर विजेतेपद आणि करीला एमव्हीपी. आधी लीगमध्ये सर्वांत कमी पास देणाऱ्यांत मोडणारा संघ आता बॉल फिरवत होता, आणि बॉल हातात नसताना धावणारा करीही बचाव फाडत होता. बॉक्स स्कोअरमध्ये धावण्याचा रकाना नाही.

रिबाउंड तरी उंचीवर आणि जिद्दीवर ठरत असतील ना?

अर्धेच. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रूक या गार्डने सामन्यामागे १०.७ रिबाउंड घेतले. ओक्लाहोमात पद्धतच तशी होती: स्टीव्हन अ‍ॅडम्सने पाठ लावून विरोधकाला ढकलून धरायचं आणि बॉल वेस्टब्रूकने उचलून थेट पळायचं. वेस्टब्रूकची झेप अफाट होती, हे खोटं नाही. पण अ‍ॅडम्सच्या नावावर त्या वर्षी ७.७. पुढे मेम्फिसमध्ये २०२१-२२ मध्ये अ‍ॅडम्सने १०.० घेतले.

ब्रूक लोपेझ तर सात फुटांचा. २०१८-१९ मध्ये मिलवॉकीत त्याचे रिबाउंड सामन्यामागे पाचही नव्हते. आळशी? तो विरोधी सेंटरला अडवून ठेवायचा आणि यानिस अंतेतोकुंपो वरून बॉल घ्यायचा. त्या वर्षी पझेशनमागे गुण देण्यात मिलवॉकीचा बचाव लीगमध्ये सर्वोत्तम होता.

पद्धत बदलली की जुना खेळाडू कामातून जातो का?

लोपेझलाच विचारा. कारकिर्दीच्या पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याने फक्त ३ थ्री-पॉइंटर टाकले होते. २०१६-१७ मध्ये ब्रुकलिनला नवे कोच केनी अ‍ॅटकिन्सन आले आणि त्या एका हंगामात १३४. मिलवॉकीत २०१८-१९ मध्ये १८७. तिशी ओलांडताना माणूस अख्खा धंदा बदलतो, हे बघायला मला फार आवडतं.

सगळ्यांना हे साधत नाही, आणि प्रत्येक वेळी दोष खेळाडूचाच असतो असंही नाही. २०१२-१३ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडे डिअँटोनी आले. पाऊ गॅसॉल हा बास्केटकडे पाठ करून खेळण्यात वाकबगार. त्याला बाहेर उभं केलं गेलं. पायाच्या दुखापतीची भर पडली आणि सरासरी १३.७ वर आली. दोन वर्षांनी शिकागोत, चौतिसाव्या वर्षी, १८.५ गुण आणि ११.८ रिबाउंड. ज्या कोचच्या पद्धतीत नॅश फुलला, त्याच कोचच्या पद्धतीत गॅसॉल घुसमटला.

मग कोणते आकडे खेळाडूबरोबर नव्या संघात जातात?

माझा अनुभव पाहण्याचा आहे, खेळण्याचा नाही. तरी सांगतो. फ्री थ्रोची टक्केवारी जाते, कारण त्या रेषेवर पद्धत चालत नाही. उंच सेंटरचं शॉट अडवणंही बऱ्यापैकी जातं: रूडी गोबेअर युटाकडून तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून चौथ्यांदा. पास पाहण्याची नजर जाते, असिस्टचा आकडा जाईलच असं नाही, कारण असिस्टसाठी समोरच्याने शॉट टाकावा लागतो. सामन्यामागचे गुण सगळ्यांत कमी भरवशाचे.

एकच आकडा पाहायचा असेल तर कोणता?

एकच पाहू नका. अगदीच आग्रह असेल तर ट्रू शूटिंग: एकूण गुण भागिले, शॉट अधिक फ्री थ्रोंची ०.४४ पट यांची दुप्पट. मिळालेल्या संधीचं चीज किती झालं, ते यातून कळतं. त्याशेजारी युसेज रेट ठेवा, म्हणजे खेळाडू कोर्टवर असताना संघाचे किती टक्के डाव त्याच्या हातून संपले. वेस्टब्रूकचा २०१६-१७ चा युसेज ४१.७ टक्के होता, तो विक्रम आहे. युसेज कमी आणि ट्रू शूटिंग उंच असेल, तर खेळाडू निवडक शॉट मारणारा आहे. लगेच त्याला संघाचा राजा करू नका. जास्त बॉल दिला की टक्केवारी बहुधा उतरते.

आपल्याकडच्या स्पर्धांतले आकडे एनबीएशी ताडून पाहता येतील?

थेट नाही. भारतात फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम चालतात: १० मिनिटांचे चार क्वार्टर, एनबीएत १२ चे. आठ मिनिटांचा फरक इथेच पडला. थ्री-पॉइंटची रेषाही ६.७५ मीटरवर, एनबीएपेक्षा जवळ. टी-ट्वेंटीतल्या धावा कसोटीच्या सरासरीशेजारी ठेवण्यासारखं आहे ते.

माझी मुलगी शाळेच्या संघात आहे. खेळते छान, पण सामन्यात चार-पाचच गुण होतात. कोचशी बोलू का?

आधी एक सामना स्कोअरकडे न बघता पाहा, फक्त तिच्याकडे. तिने लावलेल्या स्क्रीनमुळे (बचावपटूच्या वाटेत उभं राहिल्यामुळे) कोणी मोकळं होतंय का? ती कोपऱ्यात उभी असताना तिची बचावपटू तिला सोडून जाते का? सोडून जात असेल, तर तिने तो शॉट घरामागे रोज मारावा, पुढचं आपोआप होईल. जात नसेल, तर ती कोणासाठी तरी वाट मोकळी करते आहे आणि कोचला ते दिसत असणार. मग कोचशी जरूर बोला. पण ‘तिला बॉल का देत नाही’ असं विचारू नका. ‘तिच्याकडून तुम्हाला काय हवंय’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाने कोच कान बंद करतात, हे मी गॅलरीत बसून पुरेसं पाहिलं आहे.

दियावचं पुढे काय झालं?

डिअँटोनी गेल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर २००८ मध्ये, फिनिक्सने त्याला शार्लटला धाडलं. सुरुवात बरी झाली, मग वजन वाढलं, मिनिटं घटली. २०११-१२ मध्ये शार्लटने ६६ पैकी ७ सामने जिंकले, आणि तसल्या संघानेही मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. त्याला उचललं सॅन अँटोनिओने, जिथे त्याचा फ्रेंच मित्र टोनी पार्कर होता आणि ग्रेग पोपोविच नावाचा, पास देणाऱ्यांवर जीव टाकणारा कोच.

२०१४ च्या फायनलमध्ये मायामीविरुद्ध दोन सामन्यांनंतर १-१ अशी बरोबरी होती. तिसऱ्या सामन्यात पोपोविच यांनी उंच टियागो स्प्लिटरला बाहेर बसवून दियावला सुरुवातीच्या पाचात घेतलं. त्याने गुण फारसे केले नाहीत. सॅन अँटोनिओचे मात्र पहिल्या अर्ध्यात ७५.८ टक्के शॉट पडले, फायनलच्या इतिहासातला विक्रम. तो सामना आणि पुढचे दोन त्यांनी जिंकले.